काचेतले ओठ

कसबा पेठ, पुणे
२ मार्च २०२५

ती. श्रीधरकाकांस शि. सा. न. वि. वि.

काका, माझी निवड झाली! पाच दिवस सैन्याच्या निवड मंडळापुढे धावले, दोर चढले, अनोळखी मुलींसमोर भाषणं ठोकली. आता लष्करी रुग्णालयातली तपासणी तेवढी राहिली, की खडकवासल्याला एनडीएत दाखल. बाबांनी आख्ख्या तांबट आळीत पेढे वाटूनसुद्धा टाकले. आई म्हणाली, अहो, तपासणी तरी होऊ द्या. त्यावर बाबा म्हणाले, लहानपणापासून हातोडी उचललेली पोर आहे, तिच्यात काय खोट निघणार?

तुम्ही हडपसरला सौमित्रदादाकडे राहायला गेल्यापासून दुकानात करमत नाही. ठोके चालू असताना आपण दोघं आवाज न काढता नुसत्या ओठांनी गप्पा मारायचो. आता तसं बोलायला कोणी नाही.

काकूंना नमस्कार. आशीर्वाद असू द्यावा.

आपली,
कादंबरी

हडपसर
७ मार्च २०२५

चि. कादंबरीस अ. उ. आ.

पत्र पोचलं. सौमित्र म्हणत होता, मोबाईलवर कळवलं असतं तर क्षणात कळलं असतं. फोनवर मला काही ऐकू येत नाही, आणि दोन निळ्या खुणा उमटल्या म्हणजे बोलणं झालं असं मी मानत नाही.

आपल्या घरात भांडी घडवण्यापलीकडे कोणी काही केलं नाही. तू थेट अधिकारी होणार! मला इतका अभिमान वाटतो, की इथल्या बागेत भेटणारे गोपाळकृष्ण नावाचे निवृत्त कारकून आता मला लांबून पाहून दुसऱ्या बाकावर बसतात. तुझ्या बाबाला, आमच्या श्यामला सांग, पेढे वाटलेस ते उत्तम केलंस, फक्त हडपसरही आता पुण्यातच येतं.

तुझं वजन कमी भरेल या काळजीने काकू डिंकाचे लाडू पाठवते आहे. ते मैत्रिणींना न वाटता खावेत.

कळावे, काकाला विसरू नये ही आज्ञा.

तुझा,
श्रीधरकाका

कसबा पेठ
१२ एप्रिल २०२५

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

मी अपात्र ठरले. तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच लिहिते आहे.

कानांच्या तपासणीत पाठ करून उभं राहायचं, एक कान बोटाने बंद करायचा आणि डॉक्टर लांबून कुजबुजतात तो शब्द म्हणून दाखवायचा. उजवा कान झाला. डाव्याच्या वेळीही मी सगळे शब्द बरोबर सांगितले. डॉक्टरबाई खूश होऊन लिहायला लागल्या आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी काही ऐकलंच नव्हतं. समोर औषधांचं काचेचं कपाट होतं. त्यात बाईंचे ओठ दिसत होते आणि मी सवयीने ते वाचत होते. आपल्या आळीतल्या माणसाला यात काही वेगळं वाटतच नाही, काका.

मी त्यांना सांगून टाकलं. त्यांना आधी माझं बोलणंच कळेना. मग त्यांनी कपाटावर चादर टाकायला लावली आणि पुन्हा कुजबुजल्या. मी गप्प उभी राहिले. मग यंत्र लावून पाहिलं, त्यातही डावा कान कमीच निघाला. अपील करता येतं म्हणून तेही केलं. दुसऱ्या रुग्णालयात मी आपणहून डोळे मिटून उभी राहिले. निकाल तोच लागला.

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आईला म्हणाले, कोणी विचारलं होतं हिला? पण काका, रात्री पहाऱ्यावर डावीकडून कोणी हळूच सावध केलं आणि मला कळलंच नाही, तर? अंधारात ओठ दिसत नाहीत.

वर्दी घालायची होती हो मला. अजून रडू येतं. मी चूक केली का? बाबांना विचारायची हिंमत होत नाही, म्हणून तुम्हाला विचारते.

आपली,
कादंबरी

हडपसर
१९ एप्रिल २०२५

चि. कादंबरीस अ. उ. आ.

चूक केली नाहीस. हे आधी लिहितो, बाकीचं मागाहून वाच.

तुझं पत्र वाचून मला राग आला, पण तुझा नव्हे, त्या कानाचा. तुझं दुःख मी घालवू शकत नाही, रडायचं तेवढं रड. सैन्याला तुझ्यासारखीच माणसं हवी असणार, आणि नेमकी तशी वागलीस म्हणून तू तिथे जाणार नाहीस. याला काय म्हणावं ते मला सुचत नाही. मला तुझ्याबद्दल फार आदर वाटतो, पोरी. वयाने लहान माणसाबद्दल असं मी कधी लिहिलं नव्हतं. कानाच्या डॉक्टरांकडे मात्र जाऊन ये, आणि दुकानात बसताना कापसाचे बोळे घालत जा. माझ्यासारखी हेळसांड करू नकोस.

परवा श्याम आला होता, तुझी तक्रार घेऊनच. हातातलं घालवलं, आळीत तोंड कसं दाखवू, असं तावातावाने बोलत राहिला. मी मध्ये पडलो नाही. काकूने दिलेला चहा गार झाला. शेवटी उठला, चपला घातल्या आणि दारातून परत आला. माझ्यासमोर बसून, मला नीट कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करत म्हणाला, दादा, तिच्या जागी मी असतो तर गप्प बसलो असतो. मग दोन्ही हातांत तोंड धरून रडला.

जाताना मला दोनदा बजावून गेला, की यातलं अक्षरही कादंबरीला कळवायचं नाही. पण मी पडलो बहिरा. तेवढं मला ऐकू आलं नाही.

तुझा,
श्रीधरकाका