भागाबाईंच्या पायाची सूज

२ नोव्हेंबर १९८६, धानोरा
नागपूरच्या टूरवाल्यांचं पत्र आलं. जागा पक्की. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, मग नेपाळ: लुंबिनी, काठमांडू. फॉर्मवर ‘नर्स’ न लिहिता नुसतं ‘नोकरी’ लिहिलं होतं. बावीस वर्षं दवाखाना झाला. पंधरा दिवस तरी कोणी ‘बाई, नाडी पाहा’ म्हणू नये.
सिंदेवाहीहून भाऊ आला होता. "लग्न नाई केलं, ठीक. पण एकटी बाई परदेशात काऊन जाते? काही झालं तं?" जाणार म्हटलं. तो गेल्यावर जेवण गेलं नाही.

१२ नोव्हें., नागपूर
बसमध्ये चाळीस जण. सगळे जोडीनं, नाहीतर घरदार घेऊन. गाइड यादी वाचताना माझ्या नावाशी थांबला. "सोबत कोणी?" नाही. दुसऱ्या एकट्या म्हणजे नागभीडच्या भागाबाई, पासष्टीच्या. आम्हाला शेजारी बसवलं. त्यांचा मुलगा सोडायला आला होता. मायकडं लक्ष ठेवा म्हणाला. हो म्हटलं.
बस सोडून जाईल या धाकानं चहासुद्धा धड पिववत नाही.

१५ नोव्हें., सारनाथ
भागाबाई चपला काढून बसल्या होत्या. पाय सुजलेले. बोलता बोलता नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, लवकर भरला नाही. धर्मशाळेचा एक जिना चढल्या तर दम. सवयीनं माझा हात त्यांच्या मनगटावर गेला. नाडी चुकत होती. हृदयाचं दुखणं.
"नर्स आहेस का वं तू?" त्यांनीच ओळखलं. मग हात धरून म्हणाल्या, "कोणाले सांगू नोको. इथूनच वापस धाडतीन."
छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या वेळी पोटुशी असताना नागभीडवरून चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, पायी गेल्या होत्या. लुंबिनी तेव्हापासून मनात.
सांगितलं नाही. अजून.

१७ नोव्हें., कुशीनगर
सकाळी सांगायला म्हणून गाइडकडं गेले, बसच्या वेळा विचारून परत आले. दुपारी तोच सगळ्यांना म्हणाला, कोणाला बरं नसेल तर आत्ता सांगा, इथून रेल्वेत बसवून देतो; पलीकडं गेल्यावर अवघड. मी भागाबाईंकडं पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.
मी हात वर केला नाही. त्यांचं मीठ बंद केलं, झोपताना माझीही उशी दिली. हा काही इलाज नाही. मला कळतं.

१८ नोव्हें.
सीमा पायी ओलांडली. परदेश म्हणावं तर धानाच्या बांध्या आपल्यासारख्याच. लुंबिनीत भागाबाई माझ्या हाताला धरून. वीस पावलं, थांबा. पुन्हा वीस. तळ्याच्या काठी बसल्या, पाण्याला हात लावला, डोळे मिटून त्रिशरण म्हटलं. "पोचली ना वं मी," एवढंच बोलल्या.
उठताना ओठ निळे. टांगा करून बसपर्यंत, तिथून जवळच्या भैरहवा गावातल्या दवाखान्यात.
गाइड म्हणाला बस थांबवता येत नाही, डॉक्टर आहेत ना, तुम्ही चला. मी माझी बॅग उतरवून घेतली. चार दिवसांनी परतताना नेतो म्हणाला. बस वळेपर्यंत उभी होते. इथं ओळखीचं कोणी नाही.

१९ नोव्हें., भैरहवा
डॉक्टरनं हिंदीत विचारलं, सूज कधीपासून? "कल से," म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.
तासभर व्हरांड्यात बसले. मग आत जाऊन खरं सांगितलं: चार दिवसांपासून, निदान माझ्या माहितीत. आणि मी नर्स आहे. त्यानं कागदावरचं खोडलं, नवं लिहिलं. मग पुढच्या खाटेकडं वळला. रागावला असता तर बरं झालं असतं.

२१ नोव्हें., भैरहवा
ऑक्सिजन चालू. सूज थोडी उतरली. नाडी तशीच. मध्येच शुद्ध असते, मध्येच नाही. सकाळी म्हणाल्या, "पोराले लिव, माय पाहून आली."
त्याला पत्र लिहायला घेतलं. ‘सारनाथलाच माझ्या लक्षात आलं होतं’ इथपर्यंत आले. कागद घडी करून ठेवला.
तेव्हा सांगितलं असतं तर आज नागभीडला असत्या, मुलाजवळ. लुंबिनी न पाहता. यातलं बरं कोणतं ते त्यांनाच विचारायला हवं. हिंमत होत नाही.
उद्या बस येणार. त्यांना हलवायचं की नाही, ते डॉक्टर उद्या पाहून सांगणार.
जाग्या झाल्या. पाणी मागताहेत. डॉक्टरनं दोन चमचेच द्यायला सांगितलं आहे.