उत्तरेच्या बांधावरचा खोकला

मी चिमणाबाई, कै. आकाराम चौगुले यांची बायको (नाव कागदापुरते घेतले), राहणार कोडोली, तालुका पन्हाळा. डोके ठिकाणावर आहे, कोणी दटावलेले नाही. माझ्यामागे पोरांत तंटा नको म्हणून स्वतःच्या हाताने लिहिते.

घर व माळाची जमीन थोरल्या हंबीररावाला. तिथे त्याने खुशाल ऊस लावावा. पानवेली मोडून ऊस करायचा त्याचा हट्ट मला ठाऊक आहे, म्हणून मळा त्याला देत नाही.

पानमळा व त्यातली विहीर धाकटी सून धोंडुबाई हिला. तिचा नवरा इचलकरंजीत मागावर रमला. कारण लिहिते. पानवेलीला थंडी सोसत नाही, एका पहाटेत पाने काळी पडतात. आमचे हे उत्तरेच्या बांधावर उसाचा ओला पाला, पाचट, पेटवून मळ्यावर धूर धरायचे. तो धूर छातीत बसला, खोकून खोकून गेले. तेव्हापासून गारठा उतरायच्या आधी त्या बांधावरून खोकला ऐकू येतो.

हंबीरराव म्हणतो, "आई, कोल्हं असंल की! झोप गप."

धोंडू म्हणते, "आत्ती, मामंजी खोकत्यात. उठा, धूर करूया."

हवा आता पूर्वीची राहिली नाही. यंदा थंडी सरली म्हणून गाव निर्धास्त झाले, आणि शिमग्याच्या तोंडावर खोकला आला. आम्ही दोघींनी धूर केला. शेजारचे मळे करपले, आमचा राहिला.

पाऊसही दगा देतो. विहीर आटू लागली तर पाणी आधी वेलींना, उरले तर उसाला. वाफ्यांवर पाचट अंथरावे, ओल टिकते. मळ्यात सर्वांनी अनवाणी जावे, हंबीररावानेही.

माझी नथ थोरली सून विठाबाई हिला. मला 'भुतं पाळणारी म्हातारी' म्हणते, पण माझे पाय तीच चेपते.

ताजा कलम : एवढे लिहिले तोच बांधावरून खोकला आला. भर दुपार, बाहेर ऊन पेटलेले. धोंडू पाचटाचा भारा घेऊन पळाली. मी तिला माघारी बोलावले. म्हटले, "ठेव खाली, पोरी. ह्यो वेलींसाठी न्हाय." ती रडू लागली.

सही घाईने करते आहे. त्यांना ताटकळत उभे राहायची सवय नाही.

दस्तुरखुद्द चिमणाबाई चौगुले

समक्ष सही करताना पाहिले :
१. नृसिंह त्र्यंबक कुलकर्णी
२. झुंबरबाई खोत (अंगठा)

कोडोली, ता. २६ मे १९५३