पिकअपच्या डोक्याबद्दल खुलासा

प्रिय मित्र आणि होणारे व्याही श्री. किसनराव यांना चांदूर बाजाराहून देवीदासचा आदरपूर्वक रामराम. इकडे आम्ही सारे बरे आहोत, झेंडूही बरा आहे. तुमची मान कशी आहे? केशरवहिनींना रात्री झोप लागते ना? तुमच्या दुपट्ट्याचा जो तुकडा आमच्या गाडीच्या काचेत राहिला, तो आमच्या सौ. तानुबाईने धुऊन, इस्त्री करून ठेवला आहे. (शाळेत तुम्हाला ‘अबे किसन्या’ म्हणायचो. सोयरिकीचं निघाल्यापासून ‘तुम्ही’ म्हणतो आणि दर वेळी जिभेला ठेच लागते. ते असो.) तुम्ही फोन उचलत नाही म्हणून हा कागद. आमच्या अंगणात त्या दिवशी जे घडलं त्याला भूत, करणी, अपशकुन यांतलं काहीही जबाबदार नाही. गाडीतला एक डबा जबाबदार आहे आणि तो डबा आता बदलला आहे. एवढंच तुमच्या गळी उतरवायचं आहे. पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे आणि तुम्ही बार्शीटाकळीत काय सांगत सुटला आहात ते माझ्या कानावर आलं आहे.

काय झालं ते पुन्हा नीट लिहितो, कारण तुमच्या सांगण्यात गाडीला म्हणे दातही होते. दात नव्हते. तुम्ही मंडळी कुंकू लावायला आला होता. गाडी लिंबाखाली उभी, किल्ली घरात खिळ्याला. प्रतीक्षा पाटावर बसली आणि तुम्ही सहज म्हणालात, ‘आमच्याकडं सुनेले गाडी चालवाचं काम नाही राहत. आता आराम कर बाई.’ मी लगेच मान डोलावली. (ही पोरगी पहाटे फुलं भरून अमरावतीच्या बाजारात स्वतः गाडी नेते, हे खरं. पण लग्न म्हटलं की काहीतरी सोडावं लागतंच, असं माझं मत होतं.) केशरवहिनींनी कुंकवाचं बोट उचललं आणि गाडीचा हॉर्न वाजला. वाजला म्हणजे वाजतच राहिला, खालच्या सुरात, वासरू नेल्यावर गाय हंबरते तसा. भर दुपारी दिवे लागले आणि त्यांचा उजेड ओसरीवर नेमका तुमच्या तोंडावर पडला. कोरड्या काचेवर वायपर सावकाश फिरू लागले, इकडून तिकडे, तिकडून इकडे, कोणी नाही नाही म्हणावं तसे. वहिनींनी बोट खाली घेतलं, सारं थांबलं. पुन्हा उचललं, पुन्हा तेच. आमचं कुत्रं पोस्टमनलाही भीत नाही, ते गाडीखालून निघालं आणि घरात पलंगाखाली जाऊन बसलं. प्रतीक्षा मात्र खाली मान घालून पाटावर होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, मी स्वतः पाहिले.

त्यानंतर तुम्हाला स्टँडवर त्याच गाडीतून सोडायला निघालो, हा माझा शहाणपणा. तुमच्या बाजूची काच आपोआप चढू लागली, काही घाई नसल्यासारखी. तुमच्या गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक अडकलं, दारं खटाखट लागली. मी किल्ली काढून हातात घेतली, तरी काच चढतच होती. वहिनी मारुतीचं नाव घेत होत्या आणि तुम्ही माझं. (त्यात ज्या शिव्या होत्या त्या व्याह्याच्या समजून मी पोटात घातल्या.) प्रतीक्षा धावत आली, बाहेरून दारावर नुसता हात ठेवला आणि हळूच म्हणाली, ‘सोड ना वं त्यायले.’ काच खाली आली. दुपट्टा तुम्ही तोपर्यंत फाडून घेतला होता.

मग गाडी अकोल्याला शेखरकडे न्यायची ठरवली. तो गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि बोलतो कमी, म्हणून मला आवडतो. वाटेत म्हटलं, आधी तुमच्याकडे येऊन समजूत काढावी. तर अकोल्याबाहेर बार्शीटाकळीच्या रस्त्याला गाडी वळवली की इंजिन बंद. ढकलून तोंड अकोल्याकडे केलं की चालू. शेवटी खाली उतरून तिच्यासमोर उभा राहिलो. दोन्हीकडे कपाशीची पऱ्हाटी, वारा नाही, माणूस नाही, पाखराचा आवाज नाही. मी मोठ्याने म्हणालो, ‘किसनरावांचा नितेश पोरगा चांगला आहे.’ दोन्ही इंडिकेटर पेटले आणि विझले. म्हटलं, ‘निर्व्यसनी आहे.’ पेटले आणि विझले. ‘तारीख काढू का?’ म्हणालो, तर दिवे पेटले ते पेटलेच राहिले आणि मला उगाच वाटत राहिलं की ती माझ्याकडे बघते आहे. मी घाबरलो, हे तुम्हाला लिहायला हरकत नाही, तुम्हीही घाबरला होता.

शेखरने स्टेअरिंगखालचं कव्हर उघडून एक काळा डबा काढला. त्याला बॉडी कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. दिवे, हॉर्न, वायपर, काचा, कुलपं, सगळ्यांचा कारभारी तो. ‘काका, याच्या डोक्यात पानी गेलं,’ शेखर म्हणाला. आम्ही झेंडूवर पाणी शिंपडतो, ते झिरपत तिथवर गेलं असणार. पिनांवर हिरवट गंज होता. गंज पाहून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. नवा डबा आला, बसला. त्याची गाडीशी ओळख करून द्यायला दोन्ही किल्ल्या लागतात म्हणे. रिमोटवाली दुसरी किल्ली आमच्याकडे कधीची हरवलेली. घरी फोन केला तर प्रतीक्षा म्हणाली, ‘सापडून नाही राहिली बाबा.’ एकीवरच भागवलं.

आता गाडी अगदी गरीब झाली आहे. अंगणात तिच्यापुढे उभं राहून मी नितेशचं नाव घेतलं, साक्षगंध म्हणालो, वरातसुद्धा म्हणालो. काही नाही. इतकं काही नाही की मीच बोनेटवर टिचकी मारून पाहिली. (प्रतीक्षा दारातून बघत होती. ‘आता नाही बोलत ते,’ म्हणाली आणि आत गेली.) तेव्हा दोष सापडला, दोष काढला. गावात त्या भुताच्या गोष्टी बंद करा, तारीख काढा आणि साक्षगंधाला निर्धास्त या. वहिनींना नमस्कार, नितेशला आशीर्वाद.

आपला होणारा व्याही,
देवीदास

ता. क. जुना डबा शेखरने पिशवीत घालून परत दिला, तो कपाटावर ठेवला आहे. त्याला ना वायर, ना बॅटरी. वरचं पत्र तानुबाईला वाचून दाखवत होतो. ‘निर्धास्त या’ इथे आलो आणि पिशवीतून आवाज आला, इंडिकेटर लावल्यावर येतो तसा, टिक, टिक. ते वाक्य पुन्हा वाचलं, पुन्हा आवाज. तानुबाई म्हणाली, ‘पाल चुकचुकली असंल.’ (धीर द्यायला बाईला पालच सापडली.) पिशवी उतरवून पाहिली. पाल नव्हती.

ता. क. दुसरा. ती हरवलेली किल्ली सापडली. गाडी चालवताना प्रतीक्षा जो शर्ट घालते त्याच्या खिशात. मला एकदम हलकं वाटलं. म्हटलं, सापडलं भूत, सारा खेळ या पोरीचा. तावातावाने किल्ली तिच्यापुढे आपटली. तिने ती नखाने उघडून दाखवली. आत सेलच नव्हता. तो तिने मागच्या दिवाळीत फुलं तोलायच्या छोट्या काट्यात घातला होता आणि अजून काट्यातच आहे, मी पाहून आलो. मग तिथेच बसलो आणि विचारलं, तुला हे लग्न करायचं आहे का? ‘नाही,’ म्हणाली. मग आधी काहून नाही सांगितलं, म्हटलं. ‘तीनदा सांगतलं बाबा. तुमी गाडीचंच आयकता.’ मला एकही वेळ आठवेना. तानुबाईला तिन्ही आठवतात. फार वाईट वाटलं रे.

ता. क. तिसरा आणि खरा. अबे किसन्या, तारीख काढू नको. नितेशमध्ये खोट नाही, पोरीला गाडी सोडायची नाही. कुंकू लागलंच नव्हतं, तेव्हा सोयरीक मोडली असंही कोणी म्हणू शकत नाही. वर भूत नाही म्हणून मी जे पानभर लिहिलं ते विसर. गावात भूतच सांग, दातांसकट सांग, म्हणजे तुझ्या पोराला कोणी नाव ठेवणार नाही. एवढी विनंती मान. हेही तानुबाईला वाचून दाखवलं. पिशवी गप्प आहे.

पत्र आणि दुपट्ट्याचा तुकडा घेऊन प्रतीक्षाच येते आहे, अकोल्यात झेंडू उतरवून. तुझ्या रस्त्याला गाडी बंद न पडता हे तुझ्या हातात पोचलं, तर समज की तिचा तुझ्यावर राग नाही. पोरीला चहा पाज आणि गाडी सावलीत लावू दे.