कातळावरची निळी फुलं

शनिवार, संध्याकाळ

बोट रोवून पाहिलं तर नखभर माती, खाली लगेच कातळ. तेवढ्यावर सीतेच्या आसवांची इवली फुलं निळीजांभळी उभी होती. मागे चुलतभाऊ, बंडूदादा, छत्री टेकून उभा. उद्या तो या सड्यावर, कातळाच्या या उघड्या माळावर, डंपरने माती टाकणार, आंब्याची कलमं लावायला. जमीन सामाईक आहे. विचारायला नाही, फक्त सांगायला आला होता.

"अगो, तुझ्या फुलांना पण बरी माती मिळेल. उपाशी आहेत ती."

"उपाशी नाहीत, दादा."

"मग काय, कातळ खातात?"

"किडे खातात. पाण्यातले बारीक."

"म्हणजे माझ्यापेक्षा बरं चाललंय."

मला हसू आलं नाही. गेल्या वर्षी मीच एक रोप घरी नेलं, कुंडीत शेणखत घातलं. आठ दिवसांत गवत माजलं आणि फूल गेलं. मायेनेच मारलं. नखभर मातीत गवत माजत नाही, म्हणून तर ते फूल तिथे जगतं. हे दादाला का नाही सांगितलं? लाज वाटली बहुतेक.

लग्न होऊन गेलेल्या बहिणीने सड्याकडे बघू नये, असं घरात सगळ्यांना वाटतं. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. उद्या मी फुलांतच बसणार. टाकू दे माझ्यावर माती.

रविवार, सकाळ

डंपर आला. मी उठले नाही. दादाने मला फुलांत बसलेली पाहून हात वर करून डंपर थांबवला. मग त्याने सगळी माती दगडी गडग्यापलीकडे, जुन्या कलमांच्या बुंध्यांशी ओतायला लावली.