चावीच्या वहीतली कोरी पानं

आये, माझ्याबद्दल काही चांगलं ऐकायची आशा असेल तर पुढे वाचू नकोस. तशी तुला वाचता कुठं यायचं म्हणा. सही तेवढी यायची, तीही मी शिकवलेली. चुलीपुढच्या सारवलेल्या जमिनीवर मी कोळशानं तुझं नाव लिहायचे आणि तू भाकरी उलटता उलटता ते गिरवायचीस. विद्यापीठाच्या उपकेंद्रात तू प्रयोगशाळा झाडायला लागलीस, तेव्हा चावी घेताना वॉचमनच्या वहीत सही करावी लागायची आणि सगळ्यांसमोर अंगठा उठवायची तुला लाज वाटायची. वर्ष संपलं की ती वही बदलायची. मागची कोरी राहिलेली पानं तू मागून आणायचीस, दाभणानं शिवायचीस आणि मला शाळेसाठी वही करून द्यायचीस. "कोरा पान टाकू नये गो, पाप लागता," म्हणायचीस. वर्गातल्या मुली त्या वहीला हसायच्या आणि मी घरी येऊन तुझ्यावर डाफरायचे.

खंडाचा दिवस आठवतो का तुला? तू कायम नव्हतीस. दर काही महिन्यांनी एक दिवस तू कामावरच नाहीस असं दाखवायचे, म्हणजे नोकरी सलग होत नाही आणि कायम करा म्हणून कुणाला मागे लागता येत नाही. कागदावर त्याला तांत्रिक खंड म्हणतात. तू त्या दिवशीही जायचीस. हजेरीपटावर सही करू देत नसत, पण चावी घ्यायला वॉचमनच्या वहीत करावीच लागे. एकदा मी म्हटलं, "आज कशाला जातेस? आज तू नाहीसच." उलथणं पाठीत बसलं. "मी नाय तर लादी कोन पुसनार? तुजा बापूस?" बापूस मुंबईला होता आणि त्याला आमची आठवण शिमग्याला यायची.

मी नववीत असताना तुला काढलं. कर्मचारी संघटनेचा सेक्रेटरी फाटकाशी उभा राहून तुला समजावतोय, मी दप्तर घेऊन तुझ्या मागे. तू म्हणतेस, "दादा, माजा येक खाडा नाय. चावीच्या वयत बगा." तो म्हणतो, "वहिनी, चावी म्हणजे हजेरी नव्हे." तू त्याला नमस्कार करून निघालीस. त्या नमस्काराचा मला सेक्रेटरीपेक्षा जास्त राग आला. मोठी होऊन ह्याच्याच खुर्चीत बसेन आणि असल्यांना बघून घेईन, असं मी घरी येईपर्यंत ठरवून टाकलं.

बसले. परीक्षा देऊन त्याच उपकेंद्रात कारकून झाले आणि दोन वर्षांपूर्वी संघटनेची सेक्रेटरीही. पहिली बाई सेक्रेटरी म्हणून हार घातला, मी भाषणात तुझं उदाहरण दिलं आणि टाळ्या घेतल्या.

यंदा विद्यापीठानं हात आखडता घेतला. साहेबांनी मला आत बोलावून सांगितलं, उपकेंद्रातलं एक पद जाणार. एक तर प्रयोगशाळेतली कंत्राटी बाई घरी जाईल, नाहीतर कायम लोकांच्या यादीत जो शेवटचा असेल तो अतिरिक्त ठरून मुंबईला जाईल. त्या यादीत शेवटची मीच. माझी नोकरी जाणार नव्हती आये, फक्त गाव सुटणार होतं. तिचं सगळंच जाणार होतं.

आम्ही आंदोलन केलं, अगदी रीतसर. काळ्या फिती लावल्या, द्वारसभा घेतली, "एकजुटीचा विजय असो" म्हणून घसा बसवला. फिती तिनंच कापल्या, घरच्या मोडक्या छत्रीच्या कापडाच्या. माझ्या खांद्यावर टाचणी लावताना म्हणाली, "हलू नका हां मॅडम, टोचंल." सभेत मात्र तिला उभं राहता आलं नाही. आमच्या नियमात कंत्राटी माणूस सभासद होत नाही. ती फाटकाच्या बाहेर उभी राहून घोषणा देत होती.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. साडी तशीच वर खोचलेली, तुझ्यासारखी. म्हणाली, "मॅडम, माजो खंड खोटो हाय. खंडाच्या दिवशीपन मी आलंय. चावीच्या वयत सही हाय माजी. ती वय साहेबांना दाखवा ना." वही माझ्याच कपाटात होती. ती दाखवली असती तर तिची नोकरी सलग ठरली असती आणि मुंबईची गाडी मला धरावी लागली असती. मी म्हणाले, "ती वही रद्दीत गेली." ती हलेना. मग मी म्हणाले, "आणि हे बघ, चावी म्हणजे हजेरी नव्हे." आठवावं लागलं नाही, आपसूक आलं. आवाजसुद्धा त्याचाच आला.

कारण विचारशील तर सांगायला लाज वाटते. मिरजोळ्याच्या घरात नुकतं स्वयंपाकघर करून घेतलंय. उंच ओटा, वर काळा गुळगुळीत दगड. तो सोडवेना, बस. तुझा जन्म उकिडवं बसून भाकऱ्या थापण्यात गेला, आणि मी ओट्यासाठी एका बाईच्या पोटावर पाय दिला.

शेवटच्या दिवशी तिनं प्रयोगशाळेची चावी आणून दिली. पदराला पुसून दिली. मग तिथंच घुटमळली आणि विचारलं, "सही खंय करू?" मी म्हटलं, "राहू दे." तिनं मला नमस्कार केला, आये. तुझ्यासारखाच. संध्याकाळी आम्ही पेढे वाटले. संघटनेनं एकही कायम पद जाऊ दिलं नाही, असं मीच बोलले, आणि सगळे हो म्हणाले.

वही मी पिशवीत घालून घरी आणली. आज रविवार, पोरं जेवून झोपलीत. न्हाणीतली चूल अजून ठेवलीय, सकाळी वही तिच्यात घालायला गेले. पण मागची पानं कोरी होती, आणि कोरं पान टाकायला तू शिकवलं नाहीस. म्हणून हे तिथंच लिहितेय. पुढच्या पानांवर तिच्या सह्या आहेत, खंडाच्या दिवसांच्याही. तीही तुझ्यासारखी अक्षरं जपून काढते, शेवटचं काढताना पेन दाबते.

पानं भरली. आता पाप लागायचं कारण उरलं नाही. उद्या पोरांचं पाणी ह्याच वहीवर तापेल. एक मात्र कबूल करते. एवढं लिहिलं, पण तुझं नाव कुठंच लिहिलं नाही. ते लिहिलं असतं तर वही जाळवली नसती.