चारावर थांबलेला डाव

अहो,

बोटीवर बोलावणारा फोन आला, तेव्हा आपला क्रॅप्सचा, दोन फाशांचा डाव रंगात होता. पहिल्याच फेकीत तुम्हाला चाराचं दान पडलं होतं. आता सात पडायच्या आत पुन्हा चार पडले, तरच तुम्ही जिंकणार. चार तीन तऱ्हांनी पडतात, सात सहा तऱ्हांनी. मी सांगत होते, पैज वाढवू नका. पण ऐकाल तर शपथ! आणखी मूठभर शेंगदाणे पुढे सरकवलेत आणि "फासे हलवू नकोस, आल्यावर टाकतो" म्हणून निघालात.

तुमची बॅग घेऊन कॅप्टन स्वतः बिशानच्या आपल्या घरी आले. "झोपेतच गेले," एवढंच म्हणाले.

काल चैताली टेबल आवरत होती. "आई, यू जस्ट थ्रो लाह, फिनिश द गेम," असं इथल्या ढंगात म्हणत तिने फाशांना हात घातला. मी ओरडलेच तिच्यावर. सात पडेपर्यंत फासे दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत, हा नियम तिला तुम्हीच शिकवलात ना?

शेंगदाणे खवट झाले होते. तेवढे बदलले, तुमच्या वाटचे मूठभर जास्तच ठेवले.

पाळी अजून तुमचीच आहे.

तुमच्याविरुद्ध पैज लावून बसलेली,
आशा