चुकलेला नैवेद्य

आबा, मागच्या आठवड्यात तुमच्या नातीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. आळेफाट्याच्या दवाखान्यात बाहेर बाकड्यावर बसले होते आणि डोक्यात एकच चाललं होतं, माझं काय चुकलं? माझ्या घरात देवघरसुद्धा नाही. देव मानणं सोडून जमाना झाला, तरी कुठला उपास मोडला, कुठला दिवा राहिला, हे मी शोधत बसले होते. आवाज तुमचा होता, "आपलंच कायतरी चुकलं आसंल."

आपल्या मढ गावी बांधापलीकडे शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड आहे. वाघबारशीला त्याला खिरीचा नैवेद्य दाखवायचा, म्हणजे वर्षभर तो गुरं राखतो. एका वर्षी खीर चुलीवर असतानाच शेजारची सून अडली. तुम्ही खीर तशीच टाकून बैलगाडी जुंपलीत आणि तिला दवाखान्यात नेलंत. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, नैवेद्य तेवढा राहून गेला. थोड्याच दिवसांनी बिबट्याने वासरू नेलं आणि पुढच्या पावसाळ्यात आई तापाने गेली. तुम्ही दोन्ही आपल्या अंगावर घेतलंत. लोक तुम्हाला देवमाणूस म्हणायचे आणि तुम्ही मान खाली घालून बसायचात. मला त्याचा फार राग यायचा, आबा.

अवसरीला शिकायला गेले तेव्हा लॅबमध्ये कळलं, की काहीही जोडलं तरी ज्या मीटरचा काटा एकाच जागी राहतो, तो मीटर बिघडलेला असतो. आपल्या घरातही तसंच की, काहीही घडो, काटा देवावरच! गुरं वाचली तर वाघोबाची कृपा, गेली तर आपली चूक. सुट्टीत घरी आले आणि तुम्ही जेवत असतानाच विचारलं, "अडलेल्या बाईला नेलं म्हणून रागावणारा देव असला काय, नसला काय?"

"लई शिकलीस," तुम्ही म्हणालात. भाकरीचा तुकडा हातात तसाच. मग हळूच विचारलंत, "आन देव न्हाई म्हणलं, तर मंग तुझी आई उगाच गेली म्हणायची का?"

सगळे तर्क तोंडपाठ होते, पण मी उठून तुमच्या तांब्यात पाणी भरायला गेले. तुम्ही गेलात, तोवर ते उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

मागच्या आठवड्यात ऑपरेशन संपवून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, पोरगी बरी आहे म्हणाल्या. मी वेड्यासारखं विचारलं, "पण आमचं काय चुकलं?" त्या हसल्या. "काय न्हाई ओ ताई. कुणाचं काय चुकलं न्हाई तरी व्हतं आसं." मी तिथंच बसून रडले. इतकं हलकं मला कुठल्याच देवळात वाटलं नव्हतं.

तर उत्तर हे, आबा. हो, आई उगाच गेली. तापाने गेली. वासरू बिबट्याच्या भुकेने गेलं. कुणीही तुम्हाला शिक्षा केली नव्हती. त्या वाघबारशीला तुम्ही एका बाईचा जीव वाचवलात, बस्स, एवढंच घडलं होतं.

हे पत्र पाठवणार कुठे? माझ्याच तर्काने तुम्ही आता कुठेच नाही. पण वाघबारशीला खीर अजून करते मी. दगडाला दाखवत नाही, आधी स्वतः चाखते. एक वाटी मात्र तुमच्यासाठी बाजूला काढते, आणि सकाळी गार झालेली मीच खाते.